न्यायमूर्तींचे तीन विनोद

ता. १ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंधरा तारखेला मी निवृत्त होतोय. त्या दिवशी माझ्या कोर्टातच निरोपाचा कार्यक्रम आहे. वकील माझी स्तुती करणार, मग मी बोलणार. भाषण सोबत धाडतोय. त्यात तीन विनोद आहेत. इतकी वर्षं मी खुर्चीत बसून विनोद करत आलो आणि वकीलमंडळी पोट धरून हसत आली. तेच विनोद घरी सांगितले, की सौ. विचारते, चहा टाकू का.

हल्ली एक शंका मनात घर करून बसलीय. लोक माझ्या बोलण्याला हसले, की खुर्चीला? ताई, हे कळल्याशिवाय निरोप घ्यायचा म्हणजे जिवावर येतंय. तोंडावर खरं सांगणारी तू एकटीच.

लोभ आहेच, रागही चालेल.
तुझा फुग्या

ता. ६ मार्च

चि. फुग्यास,
अनेक आशीर्वाद.

तिन्ही विनोद शेजारणीला वाचून दाखवले. तिनं काळजीनं विचारलं, घरात कुणी आजारी आहे का.

अरे, ज्यांचा निकाल तुझ्या हातात, ते हसणार नाहीत तर काय करतील? तू नुसतं उकडतंय म्हणालास तरी त्यांना उकळ्या फुटायच्या. विनोद काढून टाक, छत्रीचा तर सगळ्यात आधी. मनातलं बोल. ओळखीचं माणूस समोर असलं की चित्त थाऱ्यावर राहत नाही म्हणून तू मला कधी कोर्टात पाऊल टाकू दिलं नाहीस. या वेळी मी येणार आणि मागच्या बाकावर बसणार.

वेळेवर जेवत जा, माया आहे म्हणून सांगते.
तुझी ताई

ता. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडी गाठायची म्हणून तू न भेटताच गेलीस. माझी फजिती पाहिलीसच. विनोद काढल्यावर भाषणात उरलं काय? पहिला निकाल देताना हात थरथरला होता आणि परवाचा देतानाही थरथरला, एवढंच सांगितलं. मग समोरचा कागद दिसेना, आणि सवयीनं तोंडून गेलं, पुढचं प्रकरण पुकारा. सगळं कोर्ट हसलं! मी मान खाली घालून जो आत गेलो, तो अजून कुणाला तोंड दाखवलेलं नाही.

उत्तराची वाट पाहतोय. लोभ आटू देऊ नकोस.
तुझा फुग्या

ता. १९ मार्च

चि. फुग्यास,
अनेक आशीर्वाद.

वेडा आहेस. मी मागून सगळं पाहत होते. वकिलांच्या भाषणांत लोक आधी तुझ्याकडे बघायचे, तू हसलास की मग हसायचे. तुझ्या त्या वाक्याला कुणी कुणाकडे पाहिलंच नाही, एकदम फुटले सगळे. माझ्या शेजारच्या वकीलबाई हसता हसता डोळे पुसत होत्या. मीही खो खो हसले.

पुढचं तुला दिसलं नाही. दाराशी पुकारा करणारा तुझा शिपाई सवयीनं पुढे झाला, छाती भरून श्वास घेतला, आणि त्याला शब्दच फुटेना. हसणं थांबलं. न्यायाधीश उठले की सगळे उभे राहतात आणि ते आत गेले की खाली बसतात म्हणे. कुणी बसलं नाही रे. तू ज्या दारानं गेलास, तिकडे बघत सगळे उभे होते. खुर्चीकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

आता सवड आहे, राहायला ये. माया आहे तेवढीच आहे, वाढवायला जागा नाही.
तुझी ताई