गावाच्या रकान्यातला पाव्हना

आप्पा, होळीच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या दवाखान्यात एक गोरी बाई आली आणि तिच्यासाठी मी तुझं नाव वापरलं. न विचारता वापरलं, म्हणून हे लिहायला बसलोय. कागदावर शाळेतली मराठी उतरते, जन्मभर तीच शिकवली. पण 'तुम्ही' लिहिलं की समोर तपासणीला आलेला कोणी साहेब बसल्यासारखं वाटतं. तू बाप, तरी घरात अहिराणीत तुला तूच म्हणत आलो, आता तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तुम्ही कशाला म्हणू?

तू आता दवाखाना ओळखणार नाहीस. तुझ्या त्या दोन खोल्या आणि पुढची पडवी गेली, तिथे दुमजली ग्रामीण रुग्णालय उभं आहे. अंगणातली चिंच तेवढी राहिली. महिन्यातून एकदा मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला जातो, आणि खरं सांगायचं तर गोळ्या हे निमित्त, मी चिंचेखाली बसायला जातो. तिथे डोळे मिटले की तू दिसतोस. लोक घरून बाटली घेऊन आलेत, तू तीत गुलाबी औषध भरतोस, बाहेरून कागदाची पट्टी चिकटवतोस आणि कात्रीनं तिला खाचा पाडतोस, म्हणजे एका वेळी किती प्यायचं ते न वाचता येणाऱ्यालाही कळावं. त्या खाचा मला कवितेतल्या यतीसारख्या वाटायच्या. इथे थांब, श्वास घे, मग पुढचं. तुला एकदा तसं बोललोही होतो. तू वर न पाहता म्हणालास, "कविता पोटमा गई त ताप उतरस का रे?" तेव्हा मला फार लागलं होतं. आता वर्गातल्या पोरांना सांगावा असा विनोद वाटतो, पण वर्ग उरलेला नाही.

तर त्या सकाळी मी रांगेत बसलो होतो. काठी गावची होळी पाहून डोंगरातून गाड्या खाली उतरत होत्या, अंगावर राख आणि डोळ्यांत जागरण घेऊन माणसं म्हसावदकडे चालली होती. त्यातलीच एक गाडी धूळ उडवत थेट दवाखान्याच्या पायऱ्यांशी थांबली. आतून माझ्याच वयाचा एक गोरा म्हातारा उतरला आणि त्याच्या मागे ड्रायव्हरनं दोन्ही हातांवर उचललेली त्याची बायको. घाट उतरल्यावर ही मंडळी चहाला थांबली होती. बाई शेताच्या दगडी बांधावर बसली, हात मागे टेकवला आणि दगडाच्या फटीतला लाल विंचू तिला डसला. बाई घामानं निथळत होती, हात बर्फासारखे गार पडले होते, तोंडातून लाळ गळत होती. आपल्याकडच्या माणसाला ते पाहून काय झालंय हे सांगावं लागत नाही. शिपायानं हाक मारायच्या आत डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. या बाई धडगावकडच्या, डोंगरातल्या पावरा आदिवासी घरातल्या, अजून तिशीही गाठली नसेल. "केस पेपर नंतर करा," एवढंच म्हणाल्या आणि पलंगावर घेऊन सुई लावली.

रांगेत माझ्या शेजारी रनाळ्याचा एक शेतकरी बसला होता, लेकीकडे आलेला. तो मोठ्यानं बोलला, "आमले दोन घंटा बसाडतस, नि गोरीले पलंग लगेच!" खिडकीतून केस पेपर काढणारी पोरगी माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "काका, तुमले बी इच्चू चावू द्या, मंग पलंग देसूत." सगळी रांग हसली. तोही हसला, पण मिशीत काहीतरी पुटपुटलाच.

आतून मात्र चढलेले आवाज ऐकू येऊ लागले. नवऱ्याला बाईला इथे ठेवायचं नव्हतं. ड्रायव्हर त्याला हिंदीत आणि हातवाऱ्यांनी सांगत होता, सुरतेला चला, मोठं हॉस्पिटल आहे. म्हातारा भिंतीचे पोपडे बघत होता, पलंगाखालची मांजर बघत होता, आणि बायकोचा गार हात सोडत नव्हता. इंग्रजीत बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंवर त्याचा विश्वास बसत नव्हता, कारण त्या त्याला शाळकरी मुलगी वाटत असाव्यात. बाईंनी मला आत बोलावलं. "सर, तुम्ही वडीलधारे आहात, तुम्ही सांगून पाहा. औषध मी सुरू केलंय, पण पुढचे काही तास माझ्या नजरेखाली पाहिजेत. सुरत इथून अर्ध्या दिवसाची वाट. गाडीत घातलं आणि रस्त्यात छातीत पाणी झालं, तर हातात काही राहणार नाही."

आप्पा, मी मराठीचा मास्तर. माझं इंग्रजी म्हणजे सुट्टीवर गेलेल्या दुसऱ्या मास्तरांचे तास ओढून नेण्यापुरतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि तोंडातून निघालं ते एवढंच: "धिस इज माय फादर्स हॉस्पिटल." मला म्हणायचं होतं, माझे वडील इथे नोकरीला होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या टोपीकडे, धोतराकडे पाहिलं. मग बायकोच्या उशाशी स्टूल ओढलं आणि बसला. ड्रायव्हरला हातानंच सांगितलं, गाडी बंद कर. त्याला वाटलं हा सगळा दवाखाना तुझ्या मालकीचा, तू कोणी मोठा डॉक्टर. ती चूक मी त्या वेळी दुरुस्त केली नाही. एका चुकलेल्या वाक्यावर एक माणूस आपला सगळा भरवसा ठेवून बसलाय, हे कळत होतं, आणि त्या वाक्याला धक्का लावायची माझी छाती झाली नाही.

बाहेर येतो तो खिडकीतली पोरगी हैराण. "सर, नाव झालं, वय झालं. गाव काय टाकू? यात तालुका नि गाव निवडल्याशिवाय पुढे जातच नाही. देश लिहायला जागाच नाही. तुम्ही आम्हाला एवढे निबंध सांगायचे, आता हे सांगा ना!" मी त्या पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीकडे पाहत राहिलो, आणि मला तुझं रजिस्टर दिसलं.

मला मास्तरकी लागून पहिलंच वर्ष होतं, सुट्टीत घरी आलो होतो. माझं अक्षर चांगलं म्हणून तू रजिस्टर माझ्यापुढे सरकवायचास. वरून हुकूम आलेला होता की औषध आपल्या हद्दीतल्या गावांना पुरत नाही, तर ते हद्दीतल्या रोग्यांनाच द्यावं. भिंतीवर गावांची यादी टांगली होती. पण यादीबाहेरची माणसं यायचीच. गुजरातेतून यायची, सातपुडा ओलांडून यायची, नर्मदेच्या पलीकडून परराज्यातून दोन-दोन दिवस चालत यायची. त्यांच्यासाठी नदी ही नदीच होती, तिच्यातून सरकारनं रेघ ओढलीय हे त्यांना ठाऊक नव्हतं. तू असल्या माणसाला गाव विचारतच नव्हतास. विचारायचास, "कोना पाव्हना शे रे तू?" कोणाचा पाहुणा? त्यानं गावातल्या कोणाचं नाव घेतलं की गावाच्या रकान्यात लिहायला सांगायचास: पाव्हना, अमक्याचा. त्याला कोणीच माहीत नसलं, तर क्षणभरही न थांबता, "लिख, मन्हा." माझा. त्या पानांवरून मी बोट फिरवत असे. गावांची नावं ओळीनं जात आणि चार-सहा ओळींनी पाव्हना, पुन्हा पाव्हना, एखाद्या गाण्याचं पालुपद यावं तसं. तपासणीला आलेल्या साहेबांनी चष्मा काढून विचारलं होतं, "एवढ्याशा गावात इतके पाहुणे?" तू हात जोडून अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणालास, "साहेब, आमनं गावच तसं शे. पाव्हना भलता येतस." साहेबांनी सही केली. चहाही प्याले.

मी पोरीला म्हटलं, "आपलंच गाव टाक. पत्त्यात माझं घर लिही." ती म्हणाली, "आणि कोण म्हणून?" मी म्हटलं, "मन्हा पाव्हना." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खटखट लिहून टाकलं. यंत्रानं मुकाट्यानं कागद बाहेर सोडला. आप्पा, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचं माणूस, आणि त्याच्या कागदावर आपल्या गावाचं नाव. मी तो कागद हातात धरून उभा राहिलो. जन्मभर मी मुलांना विशाल, अथांग, असीम असले शब्द शिकवले, त्यांचे समानार्थी फळ्यावर लिहून दिले. ते सगळे त्या वीतभर कागदात बसले होते.

दुपार अशीच गेली. डॉक्टरीणबाई दर थोड्या वेळानं येऊन नाडी बघत, एक साधी पांढरी गोळी देत, पुन्हा नाडी बघत. मधे बाईचा श्वास इतका जोरात वाजू लागला की नवरा उठून उभा राहिला, मीही राहिलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बसा. त्यांच्या आवाजात असं काही होतं की आम्ही दोघे म्हातारे वर्गातल्यासारखे खाली बसलो. त्याच वेळी तो रनाळ्याचा शेतकरी हातात चहाचा ग्लास घेऊन दारातून वाकला आणि गोऱ्या म्हाताऱ्याला म्हणाला, "च्या पी ले, पाव्हना." त्याला कोणी सांगितलं नव्हतं की कागदावर काय लिहिलंय. ऊन चिंचेच्या पलीकडे उतरलं तेव्हा बाईचा हात उबदार झाला होता. नवऱ्यानं तो हात धरून मला दाखवला, जणू मीच काही केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो तर बाई उठून बसली होती. तो पाकीट घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला, आणि जो-तो त्याला हसून मान हलवत राहिला, इथे काही लागत नाही. शेवटी माझ्याजवळ चिंचेखाली येऊन बसला. मला कळेल अशा सावकाश, सोप्या इंग्रजीत म्हणाला, आमच्याकडेही सरकारी दवाखाना आहे, आपल्या माणसांना पैसे पडत नाहीत, पण बाहेरून आलेल्याला आधी विचारतात, तुम्ही इथलेच का? मी स्वतः वीस वर्षं तेच विचारायचं काम केलं, असं तो म्हणाला आणि जमिनीकडे पाहू लागला. मी त्याला दोष दिला नाही. लोकांच्या कष्टातून भरलेलं कपाट, ते आधी त्यांच्यासाठी, यात खोटं काय? आपल्याही कपाटात त्या दिवशी विंचवावरच्या औषधाच्या किती बाटल्या उरल्या होत्या ते मी डॉक्टरीणबाईंना विचारायला धजलो नाही. मग त्यानं तुझा फोटो कुठे लावलाय ते विचारलं. तेव्हा मात्र मला खरं सांगावं लागलं, की तू डॉक्टर नव्हतास, मालक नव्हतास, कंपाउंडर होतास, बाटलीला कागद चिकटवायचास. तो खोखो हसला, नंतर त्यानं टोपी काढली आणि ज्या भिंतीवर फोटो नव्हता तिच्याकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला.

तो गेल्यापासून मला चैन नाही. त्यानं आपलं सांगून टाकलं, मी माझं पोटातच ठेवलं. आप्पा, मी तुझं रजिस्टर लिहायचो त्याच सुट्टीतला तो दिवस तुला आठवत असेल, तू शहाद्याला औषधं आणायला गेला होतास. तापाच्या गोळ्या कोणत्या नि किती द्यायच्या, ते मला दाखवून गेला होतास. तू संध्याकाळच्या बसनं उतरलास तर चिंचेखाली डोंगरातला एक माणूस होता आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून तापानं फणफणलेली त्याची बायको. नर्मदेपलीकडची माणसं. तू पिशवी खाली न ठेवताच विचारलंस, "कव्हय उनात रे?" कधी आलात? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पडवीत पुस्तक मिटून उभा होतो. तो तुला म्हणाला, "आत्तेच उनू, दादा." तू तिला गोळी दिलीस, पाणी पाजलंस, आणि मला म्हणालास, "लिख, पाव्हना." मी विचारलं, कोणाचा? तू म्हणालास, "मन्हा." मी लिहिलं. अक्षर छान आलं होतं. ती बाई बरी होऊन गेली, म्हणून पुढे कोणी काही बोललं नाही.

हे कागद तुझ्या जुन्या कात्रीखाली ठेवून देतो, अजून आहे ती, गंजली आहे. पोस्टात टाकायला पत्ता मागतील, आणि तुझ्या गावाचं नाव कुठल्याच यादीत नाही. लिहायचं एवढंच होतं की तो माणूस आत्ताच आला नव्हता, आप्पा. तो सकाळीच आला होता. मी त्याला गाव विचारलं, भिंतीवरच्या यादीत ते शोधलं, सापडलं नाही म्हणून बाहेर बस म्हणालो, आणि दिवसभर कविता वाचत बसलो.