दुखण्याचा वाटा

४ नोव्हेंबर
आलो एकदाचा! पुणे, जालना, देऊळगाव राजा, चिखली, उंद्री. एसटीने हाडं खिळखिळी केली, पण मन प्रसन्न आहे. वीस खाटांचा दवाखाना, स्वच्छ खोली, खिडकीसमोरच फाटक. ऑपरेशन मोठे डॉक्टर करतात. नंतर पेशंटचं दुखणं आटोक्यात ठेवायचं काम माझं. दहापैकी किती दुखतंय ते विचारायचं, त्याप्रमाणे औषध द्यायचं. इथे मात्र लोक म्हणतात, "बारा आणे दुखून राह्यलं." धन्य आहेत!

६ नोव्हेंबर
काल झुंबरबाईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. आज तिला भेटायला टेम्पो भरून गाव आलं. प्रत्येकाने तिचा पाय धरून म्हणायचं, "आणाभर मले दे," आणि कण्हत बाहेर पडायचं. दुखणं वाटून घ्यायची ही इथली रीत आहे, असं पंचफुला आयाने मला सांगितलं. नाटक कंपनीच काढा म्हणावं! मी फाटकावर नोटीस लावली: भेटायला एकच माणूस, तोही सख्खा. रखवालदार गुलाबरावला बजावलं की कुणी माझं नाव सांगितलं तरी सोडायचं नाही.

७ नोव्हेंबर
झुंबरबाई सकाळपासून विव्हळत होती. इंजेक्शनाने फरक नाही. वाटेकरी अडवले म्हणून दुखतंय, असं तिचं निदान! डोकंच फिरलं. तिचा पाय धरला आणि म्हणालो, सोळाही आणे मलाच दे आणि गप्प झोप. बाई घाबरली. "असं नका म्हणू साहेब, एकट्याले झेपत नाही हे." मी हसून पुन्हा तेच म्हणालो.

८ नोव्हेंबर
बाई व्हरांड्यात फिरतेय, चहा मागतेय. दुखणं शून्य! म्हणजे सगळे नखरेच होते. माझं मात्र ओटीपोट धरलंय. चिखलीच्या मिसळीचा प्रताप असावा.

९ नोव्हेंबर
मिसळ नव्हे. ओटीपोटावर टाक्यांसारखी आडवी रेघ ठणकतेय. सोनोग्राफी स्वच्छ. आणि आत जिथे दुखतंय तिथे मला काही नाहीच. पुरुषाला पिशवी कुठली असणार? दोन इंजेक्शनं घेतली. शून्य फरक.

१० नोव्हेंबर
दहापैकी किती? दहात मावत नाही. पंचफुलाने पाय धरून आणाभर घेतला. एकाला एकदाच घेता येतो म्हणे. पंधरा राहिले. मी, एमबीबीएस, आणे मोजतोय! पुण्याला बहिणीला फोन केला. भार्गवी हसली. म्हणाली, नखरे करू नकोस, गोळी घे. अगदी माझ्यासारखी बोलली. झुंबरबाईला सुट्टी झाली. चालत गेली.

११ नोव्हेंबर
उठवत नाही. खिडकीतून दिसतंय — झुंबरबाईने टेम्पो भरून गाव आणलंय. माझ्यासाठी. अडाणी माणसं — देवमाणसं —

गुलाबराव काठी आडवी धरून नोटीस वाचून दाखवतोय. विचारतोय, साहेबाचं सख्खं कोण?

ओरडलो — सोडा त्यांना. आवाज फाटकापर्यंत पोचत नाही. पंचफुलालाही पाठवलं, माझं नाव सांगून. तो म्हणतो, "साहेबानंच सांगतलं, त्यायचं नाव घेतलं तरी सोडाचं नाही."

टेम्पो वळतोय — थांबा — झुंबरबाई, तुमचंच दुखणं पोटात वागवतोय, माझ्याइतकं सख्खं तुमचं —