सत्तावीस नंबरची लाइन

अमरावती, गुरुवार, मार्च १९५९

एक्स्चेंजमध्ये रोज सकाळी सगळ्या लाइनी तपासतो. सत्तावीस नंबर सुमनच्या घरचा. फोन तीच उचलते. "लाइन ठीक आहे." या तीन शब्दांसाठी कॉलेज सोडून ही नोकरी धरली. आज प्लग टेकवला तर कानात कट्ट झालं, म्हणजे लाइन गुंतलेली. ऐकू नये, तरी ऐकलं. अकोल्याचे लोक तिच्या लग्नाची तारीख ठरवून राहिले होते. डोकंच फिरलं. शेजारच्या बोर्डावरची अकोल्याची वायर उपटली.

लगेच तिचाच आवाज, "ओ आपरेटर, बाबा बोलून राहिले होते ना! काहून तोडली लाइन?"

आपरेटर! दोन वर्षं एका वर्गात होतो आम्ही.

अकोला परत जोडून दिलं. काहून दिलं मी?

उद्या सकाळी सत्तावीस तपासावाच लागेल. ती म्हणेल, लाइन ठीक आहे.