तीन भोकांची फळी

२ मार्च, रविवार
फळीचा खरा खर्च : प्लायवूड, जुन्या कपाटाची पाठ, फुकट. नायलॉनचा दोरा, एक रीळ. वायसर, म्हणजे नटाखालच्या लोखंडी चकत्या, कारखान्यातले, शंभर. ड्रिलचं एक पातं, मोडलं. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख. जेवणाच्या टेबलाला एक भोक, चुकून आरपार गेलं. त्यापायी बायकोचा अबोला, दोन दिवस झाले, चालू आहे. एवढं सगळं धरूनही तीन भावंडांतला तंटा मिटत असेल तर स्वस्तच.

तंटा असा. अण्णा, आमचे वडील, एक्क्याऐंशीचे. दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. दहा दिवसांपूर्वी जिन्यात पडले, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. घरमालकाला महिनाअखेर जागा रिकामी हवी. डॉक्टर म्हणाले, यापुढे यांना एकटं ठेवू नका. म्हणजे जिना नको, असं त्यांना म्हणायचं असणार.

धाकटी बहीण म्हणते, माझ्याकडे आणा. तिच्या दोन खोल्या, त्यात पाळीवर जाणारा नवरा. धाकटा भाऊ म्हणतो, दादा ठरवेल ते. माझ्याकडे चार खोल्या आहेत, नाही असं नाही. पण एक आमची, एक लेकीच्या अभ्यासाची, एक ऑफिसची आणि चौथीत शटरचे नमुने. नमुने कुठे हलवणार?

ठराव : तिघांच्या घरांच्या बरोबर मध्ये तळमजल्याची खोली भाड्याने घेणे. कामाला एक बाई. आम्ही तिघं आलटूनपालटून जाऊ. यात भावनेला जागा नाही. शुद्ध गणित.

४ मार्च, मंगळवार
फळी चालली. कल्पना लेकीची, ती कॉलेजात फिजिक्स शिकते. म्हणाली, बाबा, हे जुनं कोडं आहे. तीन घरं दिलेली, मधली अशी जागा काढायची की तिन्ही वाटांची बेरीज कमीत कमी यावी. गणितवाले दोन पानं खर्ची घालतात. वजनं लावली तर एका मिनिटात होतं.

फळी दोन स्टुलांवर ठेवली. वर नकाशा चिकटवला. तीन घरांच्या जागी तीन भोकं. तीन दोरे एका गाठीत बांधून एकेक दोरा एकेका भोकातून खाली सोडला, प्रत्येकाला दहा वायसर. वायसर जितके खाली जाता येईल तितके जाणार. ते जितके खाली, तितका फळीवर दोरा कमी. म्हणजे गाठ थांबेल तीच जागा. लेकीने फळीला दोन टिचक्या मारल्या, गाठ जराशी सरकून स्थिर झाली. कोन मोजले. तिन्हीकडे एकशेवीस. लेक म्हणाली, तिघं सारखेच ओढतायत, मग कोन तरी कमीजास्त कसे होतील. दोन पानांचं गणित ओढाओढीने एका वाक्यात मिटवलं.

मला दहावीला गणितात छत्तीस होते. तपासणाऱ्याची नजर अधू असणार.

जागा आली ती पेट्रोल पंपावर. नेमकी हवा भरायच्या नळीपाशी. आसपास बघावं लागेल.

७ मार्च, शुक्रवार
कारखान्यात फिटरला झापलं. शटर अर्ध्यावर थांबलं आणि हा म्हणतो, साहेब, स्प्रिंग बरोबर लागली, बघा कसं जागच्या जागी राहतंय. म्हटलं, ते राहिलेलं नाही, खोबणीत अडकलंय. थापटून बघ. थापटल्यावर धाडकन खाली. अडकलेल्याला बसलेलं समजायचं नाही, हे मी अठराव्या वर्षी, दुसऱ्याच्या कारखान्यात झाडू मारताना शिकलो. नुसत्या कानाने. यांना पगार घेऊन कळत नाही.

९ मार्च, रविवार
नकाशावर भरवसा ठेवणारा मी नाही. गाडीने अंतरं मोजली. सुरुवात अण्णांच्या गेटपासून, सामान हलवायचं अंतरही कळावं म्हणून. वर गेलो नाही, पुढची मोजणी खोळंबली असती. गॅलरीत पाहिलं, कोणी नव्हतं. बहुतेक वही लिहीत बसले असतील. एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी म्हणून एकतीस वर्षं काढली त्यांनी. अजून घरी आल्यागेल्याची नोंद ठेवतात, नाव, वेळ, काम. म्हातारपणाचे छंद.

अण्णांच्याच कामासाठी गेलो होतो, तेव्हा ही भेट धरायला हरकत नाही.

१२ मार्च, बुधवार
खोली मिळाली. पंपामागे, टायरच्या दुकानाला लागून. आगाऊ भाडं देऊन टाकलं. अण्णांना फोनवर सांगितलं, तिघांनाही सारखीच जवळ पडते. त्यांनी विचारलं, तिथं राहतं कोण? म्हटलं, तुम्ही. म्हणाले, ते झालं, आणखी कोण?

मुद्दा लक्षात आला नाही त्यांच्या. वयोमान.

संध्याकाळी धाकटीकडे. माझे कान तिखट. आतल्या खोलीत नवऱ्याला हळूच सांगत होती, आपली खाट बाहेर काढू, दारापाशी मावते, मी मोजलं. नवरा म्हणाला, माझी रात्रपाळी असली की तसाही प्रश्न नाही. यांचं सगळं ठरलेलं दिसतं. अण्णांच्या पेन्शनवर डोळा असेल का? धाकटीचा तसा स्वभाव नाही, पण मनात आलं ते लिहून ठेवलं. चहा प्यायलो नाही. नीट झोपही नाही.

१६ मार्च, रविवार
धाकटी फळी बघायला आली. बघत राहिली. म्हणाली, दादा, रस्ते मोजलेस ते ठीक आहे. पण त्या रस्त्यांनी जातं कोण, महिन्यातून कितीदा? मी म्हटलं, शास्त्रात असली टोमणेबाजी चालत नाही. तर लेक तिच्याच बाजूची. म्हणाली, आत्याचा प्रश्न बरोबर आहे, जो जास्त वेळा जाणार त्याच्या दोऱ्याला जास्त वायसर. आपण सगळ्यांना सारखे लावले, हेच मुळात गृहीत होतं.

लावले. मला आठ : आठवड्यातून दोनदा अण्णांकडे, पंधरा वर्षांत चुकलेलं नाही. धाकट्याला चार. धाकटी आकडा सांगेना, तिला अंदाजाने दहा. गाठ मीच ठेवली, माझ्या भोकापासून चार बोटांवर, आणि सोडली. तिथेच थांबली. सगळ्यांदेखत. म्हणजे ओढ कोणाची जास्त, हे वजनानेच सांगितलं. मी ते मिरवलं नाही, मोठ्याने मोठेपणा दाखवावा.

लेक टिचकी मारायला पुढे झाली. म्हटलं, फळीला हात लावायचा नाही. उत्तर आलंय.

धाकटी निघताना म्हणाली, अण्णांना रात्री दोनदा उठावं लागतं दादा, तुझ्या फळीत ते कुठे बसतं? मी म्हटलं, बाई ठेवू. म्हणाली, रात्रीची?

चौकशी करायला हवी.

१९ मार्च, बुधवार
बायकोच्या झाडूचा दांडा स्टुलाला लागला. गाठ घसरत गेली धाकटीच्या बाजूला. बायको एकोणीस दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, बघा, हलली.

कारण उघड आहे. हवा दमट आहे, दोरा फुगतो. भोकांना तेल देऊन पुन्हा माझ्या बाजूला ठेवली. तेल दिल्यापासून फळी सारखी चुकीचं उत्तर देते. पाच वेळा केलं. पाचही वेळा चुकीचं, आणि पाचही वेळा एकाच जागी.

कारखान्यात फिटरने विचारलं, साहेब, थापटून बघू का. शटरबद्दल विचारत होता. उगाच ओरडलो त्याच्यावर.

२२ मार्च, शनिवार
अंदाजाचे आकडे घेतले तिथेच चूक झाली. अण्णांची वही मागवली. मी, धाकटा, धाकटी, कोण किती वेळा गेलं ते पांढऱ्यावर काळं होऊन जाऊ दे. गेटवरचा माणूस, पोराचीही खोटी नोंद करणार नाही. उद्या सगळ्यांना बोलावलंय.

२३ मार्च, रविवार
लेकीने एक जानेवारीपासून मोजलं. धाकटी अडुसष्ट. धाकटा अकरा. मी सहा.

म्हटलं, परत मोज. परत मोजलं. सहा.

वायसर पुरले, शंभरात पंच्याऐंशी. गाठ मी बरोबर मध्ये ठेवली, मोठ्या मनाने. सुटली ती सरळ धाकटीच्या भोकावर जाऊन टेकली आणि अडकून बसली. कोणी टिचकी मारली नव्हती. लेक म्हणाली, एकाचं वजन बाकीच्या दोघांच्या बेरजेहून जास्त झालं की गाठ मध्ये थांबतच नाही, हे कागदावर आधीच सिद्ध होतं. मी विचारलं, मग फळी कशाला लावलीस? म्हणाली, कागदावर तुमचा विश्वास बसला नसता, बाबा.

धाकटा म्हणाला, दादा, माझे अकरा म्हणजे खूप झाले ना? धाकटी वायसर मोजून डब्यात भरत होती. तुझे आहेत, म्हणाली, कारखान्यात लागतील.

मी म्हटलं, चौथी खोली रिकामी करतो. खरंच म्हणालो. धाकटी म्हणाली, राहू दे दादा, खाट काढलीसुद्धा.

३० मार्च, रविवार
अण्णा धाकटीकडे गेले. जिना मी त्यांना धरून उतरवला. चार ठिकाणी थांबले. टायरवाल्याशेजारची खोली सोडली. ठराव : आठवड्यातून दोनदा जाणे. निदान एकदा.

वही माझ्याकडेच राहिली. परत देण्याआधी माझ्या सहा नोंदी वाचल्या. पहिल्या पाच नेहमीच्या अक्षरात, कुठलीच भेट वीस मिनिटांवर नाही. सहावी पडल्यानंतरची, डाव्या हाताने लिहिलेली, ओळीखाली घसरलेली :

‘९ मार्च. मोठा. ११.०५ गेटवर गाडी थांबली. ११.०७ गेली. वर आला नाही.’