भोक बुजेपर्यंत मुलाने वर झोपावे

मी, खाली सही करणारी, सत्तरी ओलांडलेली, धंद्याने भिंतींतली भोके बुजवणारी, पूर्ण शुद्धीत आणि थोड्या रागात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला दाबेल असा माणूस या घरात अजून जन्मायचा आहे.

हयातभर मी लोकांच्या घरी पाइप आणि हवेचे डक्ट जिथून भिंत ओलांडतात, तिथल्या फटी आगीला दाद न देणाऱ्या मसाल्याने बंद केल्या. लोक दाराला कुलूप लावून निवांत झोपतात. धुराला दार लागत नाही, बोटभर फट पुरते.

वरचा मजला मुलीला. खालचा मुलाला, पण अटीवर. तो घरे सजवतो. एसीचा पाइप न्यायला त्याने स्वयंपाकघराच्या छतातला माझा मसाला फोडला, भोकात साधा फोम कोंबला आणि वरून रंग मारला. डक्टमध्ये आग लागताच आपोआप मिटणारी झडप आहे. ती खडखड वाजते म्हणून पठ्ठ्याने तारेने उघडीच बांधून ठेवली. वर त्याच भोकाशेजारी माझी नात, मुलीची लेक, झोपते. मला तिची काळजी वाटते.

"आई, बघ ना, भोक होतं हे कळतसुद्धा नाही!" म्हणाला. उंटावरचा शहाणा! मी त्याच फोमचा तुकडा शेगडीवर धरला. तो भपकन पेटला, आणि त्याच्यापाठोपाठ सुनेचा नवा पडदा. तरी तिने बाजू माझीच घेतली, सबब बँकेतली शिल्लक तिला.

मसाल्याची बंदूक आणि थापी मुलीला. ड्रिल धाकट्या दिराने नेले आहे, ते त्यालाच लखलाभ. परत मागायला गेले की नुसता सल्ला मिळतो.

अट अशी: भोक मसाल्याने बुजवून आणि झडप मोकळी करून बहिणीला दाखवेपर्यंत मुलाने नातीच्या अंथरुणावर झोपावे, मायलेकींनी खाली. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, असे वकील म्हणतात. आग माझ्या मरणाची वाट बघणार नाही, म्हणून हे कलम आजपासून.

ते वाचून दाखवताच मुलगा सर्वांदेखत म्हणाला, "वर कसा झोपू? खालून धूर आला तर?"

हे वाक्य जसेच्या तसे नोंदवले आहे.

स्थळ: सदर स्वयंपाकघर
दिनांक: १९ नोव्हेंबर
सही: आई

साक्षीदार:
शेजारचे प्लंबर. समक्ष ऐकले.
समोरच्या निवृत्त नर्सबाई. मीही ऐकले. मुलगा तार सोडवायला पक्कड शोधतो आहे.