काळ्या मातीतल्या दोन रेघा

श्रावण वद्य ९, १९४८. मानवत
पावसाची झड. संध्याकाळी कंपाउंडर दगडू पळत आला. "डाक्टर, गावाभाईर ज्वारीत झरीचे मास्तर पडलेत. मांडीत गोळी हाय." तिरंगा लावला म्हणून खाकीवाले रझाकार त्यांच्या मागावर. बैलगाडी आखापर्यंत रुतली असती. मग माळ्यावरच्या, बर्फावर घसरायच्या फळ्या काढल्या, आडव्या पट्ट्या ठोकल्या, वर घोंगडी. विलायतेत डॉक्टरी शिकताना ह्याच फळ्या पायांना बांधून डोंगर उतरायचो. शर्यतीत चौथा आलो होतो. आज दोघांनी दोरीने ओढून मास्तर आणले. चिखलावरून काय सरकल्या! शर्यतीतही इतका आनंद झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

वद्य १०
गोळी निघाली. मास्तर औषधांच्या कोठीत. ताप फार. इतक्यात हलवणं म्हणजे मारणंच. पाऊस उघडला.

वद्य ११
लख्ख ऊन. दार उघडलं. ज्वारीपासून माझ्या पायरीपर्यंत दोन सरळ रेघा. माती वाळून दगड. फळ्या कुणाच्या, हे पोरंसोरंही सांगतील. दर हिवाळ्यात जिनिंगमधल्या सरकीच्या ढिगावरून घसरून दाखवणारा शहाणा मीच. खाकीवाल्यांचा जमादारसुद्धा टाळ्या वाजवायचा. हौसेला मोल नाही म्हणतात...
कुदळीने मोडाव्या तर भररस्त्यात तेच आधी दिसेल.

वद्य १३
जमादार आला. नजर खाली. "डागदर साब, ये कौनसी गाडी है? बैल के खुर तो नई दिस रहे."
म्हटलं, औषधाची खोकी ओढून आणली.
हसला. "पोळे के दिन फुरसत से बैठते."
तो गेल्यावर रिकाम्याच बाटलीला बूच लावत बसलो. आणि म्हणे डॉक्टर.

वद्य १४
पाटलांना सगळं सांगितलं. त्यांनी पान लावलं. मग म्हणाले, "उंद्या बैलं तुमच्या दारावरून नेऊ. वैनीला म्हनावं, सडा जरा सढळ हातानं टाका."
"पण पोळा मारुतीपुढूनच जातो ना?"
"मारुती समजून घेईल. बाकीच्यांचं बघू."

अमावस्या, पोळा
बैल आले. झुली, बाशिंगं, ढोल. हिने सकाळपासून घागरीवर घागरी ओतल्या होत्या. खुरांनी सगळा रस्ता तुडवला. रेघा गेल्या! मला चारचौघांत रडू आलं. कोठीत मास्तर विचारायलेत, "पोळा हिकडून कसा काय?"

जमादारानेही तेच विचारलं. समोरच्या लिंबाखाली माणसं घेऊन उभा होता. "हर साल तो मारुती के सामने से जाता ना, डागदर साब?" पाटील म्हणाले, तिकडं चिखल लय हाय. जमादाराने माझ्या दारातल्या चिखलाकडे पाहिलं.

ढोल आता वेशीकडे गेला. जमादार नि त्याची माणसं लिंबाखालीच बसलीत. दगडू विचारतोय, दार लावू का. दवाखान्याचं दार दिवसा मी कधी लावलेलं नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे.