सुकटीचा डबा

मंगळवार, संध्याकाळी. दहिसर.

उंदीर सापडला. माझ्याच टेबलाच्या खणात, माझ्याच वेफर्सच्या पाकिटांत घर करून बसला होता. आणि मी आठवडाभर आईला ऐकवत होतो, तुझ्या सुकटीच्या वासाने येतो म्हणून. परवा तर गावाहून आणलेली तिची सुकट तिच्यादेखत कचऱ्यात ओतली. डब्याचं झाकण इतकं घट्ट, चमच्याने उचकटावं लागलं.

आज ती एवढंच म्हणाली, "गावलो मां? मारू नको रे, लांब न्हेऊन सोड." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जे झाकण मला चमच्याने उचकटावं लागलं, ते उंदीर काय उघडणार? हे ओततानाच कळलं होतं. तरी ओतली. आई सुकट भाजायची तेव्हा समोरच्या फ्लॅटवाले वासाने नाक मुरडायचे, आणि मला निमित्ताला उंदीर आयता मिळाला.